केवढा आलाय!

१

"भाऊजी, पानं चोरीला गेली!"

मेव्हणा धापा टाकत व्हरांड्यात आला, तेव्हा निवृत्त इन्स्पेक्टरसाहेब आरामखुर्चीत निवांतपणाशी झुंजत होते. नोकरीत त्यांनी भल्याभल्यांना सरळ केलं होतं, पण निवांतपणासारखा चिवट इसम त्यांना आजवर भेटला नव्हता.

"कसली पानं? पत्त्यांची?"

"वेलींची हो! फाटकापासून आत येणाऱ्या वाटेवरच्या वेली पार बोडक्या करून ठेवल्यात कुणीतरी."

"आणि द्राक्षं?"

"एक मणी हललेला नाही."

"मग बकरी घुसली असेल."

"बकरी कात्री घेऊन येते का, भाऊजी?"

इन्स्पेक्टरसाहेबांनी डोळे मिटले. ही सुट्टी त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या बायकोची होती. आपल्या भावाने द्राक्षांच्या मुलखात बाग केली आहे, स्वतःची वाइन काढतो, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात, मग आपण तिथे जाऊन चांगलं पंधरवडाभर निवांत राहायचं, असं तिने जाहीर केलं होतं. नुसतं बसायचं, डोंगर बघायचा, वाइनचा घोट जिभेवर घोळवायचा. साहेबांना घोळवणं जमत नव्हतं. ते काढ्यासारखी एका दमात संपवत आणि मग बायको कपाळाला हात लावी.

त्यांच्या तक्रारींना तर अंत नव्हता. आरामखुर्चीचा दांडा कमरेत रुतत होता. आल्या दिवशी बागेत फवारणीचा पंप भटभटत होता आणि त्या औषधाच्या वासाने चहा नकोसा झाला होता. ते बोलायचा अवकाश, वहिनींनी पंप बंद करवला, तेवढं एक बरं झालं. मग दोन दिवस पाऊस भुरभुरला आणि फिरणं बुडालं. शेजारच्या खोलीत एक दाढीवाला चित्रकार उतरला होता, तो जेवताना रंगांवर व्याख्यान देई. आज तर सकाळी तोंड पुसायला घेतलेल्या टॉवेललासुद्धा धुराचा वास येत होता.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे परवाची गोष्ट. दुपारी केकचा आणखी एक तुकडा मिळतो का बघायला ते स्वयंपाकघराकडे गेले होते. दार लोटलेलं होतं. आत वहिनी, म्हणजे मेव्हण्याची बायको, कुणालातरी हळू आवाजात सांगत होत्या.

"केवढा आलाय! दोन दिवसांत किती पसरलाय बघा. आता याचं काय करायचं?"

साहेबांनी खाली पाहिलं. आरामखुर्चीत पसरून पसरून पोट खरंच दिसण्याजोगं झालं होतं. ते पोट आत ओढून, केक न मागताच परत फिरले. तेव्हापासून त्यांनी पानात दुसऱ्यांदा काही वाढून घेतलेलं नव्हतं. अर्धपोटी माणसाला डोंगराचं काय कौतुक?

"भाऊजी, ऐकताय ना? हे काम कुणाचं ते मला ठाऊक आहे. मुकादमाचं! आज दुपारच्या आत त्याला बाडबिस्तऱ्यासकट बाहेर काढणार आहे मी."

साहेबांनी डोळे उघडले. मुकादम नवराबायको बागेतल्याच दोन खोल्यांत राहत होते. या बागेतली पहिली वेल त्या माणसाने लावली होती.

"दुपारची घाई कशाला?"

"दुपारी पारखी येतोय ना! मोठ्या वाइन कंपनीचा. त्याला बाग पसंत पडली तर सगळं पीक दरवर्षी तिकडे. नाही पडली तर बाग विकून मी कुठे जाऊ ते मलाच ठाऊक नाही."

"अहो, जरा बघा ना," बायको आतून म्हणाली. "नाहीतरी तुम्ही नुसतेच बसलाय."

हे म्हणजे अतीच झालं. नुसतं बसायला तिनेच तर आणलं होतं!

२

वाट फाटकापासून घरापर्यंत सरळ येत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या ओळी नागड्या उभ्या होत्या. हिरव्या, कोवळ्या मण्यांचे घड उन्हात उघडे लोंबत होते. मागच्या ओळी तशाच गर्द होत्या.

साहेब वाकले. देठ कात्रीने स्वच्छ कापलेले होते. एकाही घडाला ओरखडा नव्हता. आणि मातीवर एकही पान पडलेलं नव्हतं.

"झाडून नेली की काय?" ते पुटपुटले.

"आता हे घड उन्हाने करपणार," मेव्हणा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "पारखी फाटकातून शिरल्या शिरल्या हेच बघणार. बरोबर आजचाच दिवस साधला मेल्याने!"

"मुकादमच कशावरून?"

"मी कामासाठी शहरात गेलो होतो. काल परत आलो तर हा माझ्याशी बोलायला तयार नाही. पारखी येणार, वाट झाडून घे म्हटलं, तर म्हणतो कसा, 'मालक, पारख्याला पुढच्या महिन्यात बोलवा.' मी चिडलो, चार शब्द बोललो. आणि आज हे! बागेच्या कात्र्या दोनच, एक त्याच्या कमरेला आणि दुसरी घरात खुंटीला."

"विचारलंस त्याला?"

"विचारलं. तर काय म्हणाला माहीत आहे? 'पानं गेली ते बरंच झालं, मालक.' आता बोला!"

साहेबांनी कापलेलं एक देठ बोटाने चाचपलं. चोरी करणारा माणूस असं तोंडावर सांगत नाही. आणि न करणाऱ्यालासुद्धा असं सांगायचं काही कारण नव्हतं. घरी पेपर वाचत बसलो असतो तर किती बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

३

पहिला नंबर चित्रकाराचा लागला, कारण तो आपणहून पुढे आला.

"मी काही केलेलं नाही हं! हे सगळे माझ्याकडेच बघतायत. परवा जेवताना मी बोललो होतो ना, की या वेलींनी माझ्या खिडकीतला डोंगर झाकलाय, कापून टाकाव्याशा वाटतात म्हणून."

"बोलला होतात. मग डोंगर दिसतोय का आता?"

"छे! माझी खिडकी मागच्या अंगाला. या बोडक्या वेली माझ्या काय कामाच्या? कापायच्याच होत्या तर मागच्या तरी कापायच्या. लोकांना सौंदर्यदृष्टीच नाही."

साहेबांनी त्याला मनातल्या मनात यादीतून खोडलं. इतका स्वार्थी माणूस स्वतःचा फायदा नसताना पहाटे उठून कष्ट करेल, हे पटण्यासारखं नव्हतं.

मुकादमाच्या खोलीपुढे पत्र्याची ट्रंक, गुंडाळलेल्या दोन गाद्या आणि भांड्यांचं बोचकं मांडलेलं होतं. त्याची बायको उंबऱ्यावर बसून ट्रंकेच्या कडीला सुतळी बांधत होती. रडून झालेलं दिसत होतं. मुकादम उभाच होता. उंच, वाळका, साहेबांच्याच वयाचा.

"पानं तुम्ही कापलीत?"

"नाही साहेब."

"मग कुणी कापली?"

"ते मला विचारू नका."

"म्हणजे माहीत आहे."

"मी तसं म्हटलं नाही."

"अहो, घरातून बाहेर निघालाय तुम्ही! तोंड उघडायला काय घ्याल?"

मुकादमाने बायकोकडे पाहिलं, मग बागेकडे. "शब्द दिलाय साहेब," तो म्हणाला. "तुम्ही या भानगडीत पडू नका. तुम्ही पाहुणे. निवांत राहा."

हा शब्द पुन्हा ऐकू आला तर आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडेल, असं साहेबांना वाटायला लागलं होतं. ते तणतणत स्वयंपाकघराच्या दिशेने निघाले. पण मागच्या अंगणातून जाताना त्यांचे पाय थबकले.

तिथे कपडे वाळवायच्या दोरीखाली, विटांच्या चुलीत, राखेचा भला मोठा ढीग होता. ढिगाच्या कडेला अर्धवट जळालेलं एक हिरवं पान चिकटलेलं होतं.

४

वहिनी कणीक मळत होत्या. डाव्या हाताने.

"वहिनी, हाताला काय झालं?"

"काही नाही भाऊजी. भाजलं जरासं." त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला, पण साहेबांनी पाहायचं ते पाहिलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी टपोरा फोड होता. तव्याने माणूस बोटाच्या टोकाला भाजतो. अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो तो कात्री धरून.

"आज टॉवेलला धुराचा वास येत होता."

"पहाटे कचरा जाळला." त्या कणकेवरून नजर न उचलता म्हणाल्या. मग अचानक त्यांचे डोळे भरून आले. "भाऊजी, तुम्ही ह्यांना सांगा ना, मुकादमांना काढू नका म्हणावं. तुमचं ऐकतील ते."

"कारण काय सांगू?"

वहिनी पुन्हा कणीक मळायला लागल्या.

साहेब व्हरांड्यात परत आले ते डोक्याला हात लावूनच. कात्री कुणी चालवली हे उघड होतं. पण का? स्वतःच्या बागेतली पानं बाईने का कापावीत? नवऱ्यावर रागावली म्हणून? नवऱ्यावर रागावलेली बाई मुकादमासाठी रडेल कशाला? आणि हा सगळा घोळ पारखी यायच्या दिवशीच का?

बायको शेजारी बसून वाइनचा पेला नाकाशी फिरवत होती. "बघा, यात मला ओल्या मातीचा वास येतोय."

"मला कटकटीचा येतोय."

"तुम्ही दोन दिवस असे का वागताय? नीट जेवत नाही, धड बोलत नाही."

मग साहेबांचा बांध फुटला. परवा स्वयंपाकघराच्या दाराशी काय ऐकलं ते त्यांनी सांगून टाकलं. "तुझ्या लाडक्या भावजयीने माझ्या पोटाचा उद्धार केला. म्हणे, केवढा आलाय, दोन दिवसांत किती पसरलाय! असा पाहुणचार असतो होय?"

बायको आधी खो-खो हसली. मग हसता हसता एकदम थांबली.

"काय म्हणालात? आलाय?"

"हो. केवढा आलाय."

"अहो, ती तुम्हाला 'आलाय' म्हणेल? नणंदेच्या नवऱ्याला? ती तर दुधवाल्यालासुद्धा 'दूधवाले आलेत' म्हणते. तुमच्याबद्दल असतं तर 'केवढे झालेत' म्हणाली असती. आणि माणूस जाड झाला की तो 'केवढा झालाय' म्हणतात. 'केवढा आलाय' असं कुणी म्हणतं का?"

साहेब खुर्चीत ताठ झाले. दांडा कमरेत रुतला, पण त्यांना कळलंही नाही.

माणूस आला तर तो आला. एवढासा असो नाहीतर केवढा असो. 'केवढा आलाय' हे मराठीच नव्हे. मग ऐकलं ते काय? दार लोटलेलं, आवाज हळू, आणि ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष स्वतःच्या पोटात.

ते उठले आणि चपला न घालताच मुकादमाच्या खोलीकडे निघाले. मुकादम ट्रंक उचलत होता.

"मुकादम, एकच सांगा. केवडा म्हणजे तुमच्या बागेच्या भाषेत काय?"

ट्रंक धाडकन खाली आदळली.

५

फाटकाबाहेरच्या चढावर गाडीचा आवाज यायला अजून थोडा वेळ होता. साहेबांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. मुकादम पायरीवर उभा राहिला. त्याची बायको खांबाआड होती. साहेबांच्या हातात मागच्या ओळीतून खुडून आणलेलं एक पान होतं.

"चोर असता तर द्राक्षं नेली असती," ते म्हणाले. "सूड घ्यायचा असता तर घड तुडवले असते, पानं तिथेच विखरून टाकली असती. इथे घडांना धक्का लागलेला नाही, आणि पान मात्र एक ठेवलेलं नाही. नेऊन जाळलं. म्हणजे ज्याने हे केलं त्याचं द्राक्षांवर प्रेम आहे आणि त्याला भीती पानांची आहे. पान कुणाच्या नजरेला पडू नये, एवढंच त्याला हवं होतं. आज या वाटेने कोण येणार आहे?"

"पारखी," मेव्हणा म्हणाला.

"फक्त वाटेवरच्याच ओळी बोडक्या आहेत. आणि हे बघ, मागच्या ओळीत काय आहे." त्यांनी पान उलटं केलं. वरून तेलाचे थेंब सांडावेत तसे पिवळट डाग, आणि खाली त्याच जागी पांढरी, कापसासारखी बुरशी.

मेव्हण्याने पान हिसकावून घेतलं.  "केवडा!"

"हो, केवडा. फुलातला नव्हे, वेलीवरचा रोग. मी परवा ऐकला आणि ज्याला त्याला आपलंच पोट दिसतं तसा 'केवढा' समजलो. वहिनी मुकादमांना सांगत होत्या, केवडा आलाय, दोन दिवसांत पसरलाय. मुकादम म्हणाले असतील, मालकांना सांगा, पारख्याला थांबवा. तेच ते काल तुला अर्धं बोलले. वहिनी घाबरल्या. त्यांनी मुकादमांकडून शब्द घेतला आणि आज पहाटे खुंटीवरची कात्री घेतली. मुकादमांनी सकाळी वेली बघितल्या तेव्हा त्यांना सगळं कळलं. रोगट पानं गेली ते बरंच झालं, असं ते बोलून गेले. पण दिलेला शब्द काही मोडला नाही. घर मोडायची वेळ आली तरी."

वहिनी उभ्या होत्या त्या खाली बसल्या. "मला वाटलं, पारखी येऊन जाऊ दे, मग ह्यांना सगळं सांगेन. मुकादमांवर आळ येईल असं मनातसुद्धा नव्हतं. आणि आल्यावर तोंड उघडायचं धाडस झालं नाही. माफ करा हो मुकादम."

"पानं कापून रोग झाकला जातो, थांबत नाही," साहेब जरा खालच्या आवाजात म्हणाले. "हा वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांच्या बागांत जाईल. सगळ्यांना आजच सांगायला हवं."

इथवर सगळं साहेबांच्या मनासारखं चाललं होतं. गुन्हा उकलला, निरपराध सुटला, बायकोसमोर अब्रू राहिली. पण मेव्हण्याचा चेहरा लाल झाला होता.

"रोग आलाच कसा?" तो ओरडला. "मी शहरात जाताना बजावून गेलो होतो, फवारणी पुरी करा, हवा ढगाळ आहे! पंपसुद्धा चालू करून गेलो. ती फवारणी बंद कुणी केली?"

वहिनींनी मान खाली घातली.

मुकादमाने डोंगराकडे पाहिलं.

दोघांची नजर ज्या एका जागी जायचं टाळत होती, ती जागा साहेबांना नेमकी दिसली. ती आरामखुर्ची होती.

६

आयुष्यात कितीतरी जबाब त्यांनी घेतले होते. द्यायची पाळी पहिल्यांदाच आली.

"मी," इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले.

"काय?"

"मी बंद करवली. आल्या दिवशी. पंपाचा आवाज होतोय, वास येतोय, आम्ही इथे हवा खायला आलो आहोत, औषध नव्हे, असं म्हणालो. वहिनींनी पाहुण्याचा मान राखला. मग पाऊस झाला, मग मी रोज इथेच बसून होतो, आणि पाहुणा उठल्याशिवाय पंप कसा लावायचा म्हणून रोज राहून गेलं. खरं ना वहिनी?"

वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. "तुम्ही पहिल्यांदाच आला होतात, भाऊजी."

"मग एका शब्दाने बोलायचं होतंत!"

"तुम्हाला?" बायको म्हणाली. "अहो, तुम्हाला घरात कुणी एका शब्दाने बोलतं का?"

साहेबांना या वाक्याचा राग यायला हवा होता. आला नाही. फार लाज मात्र वाटली, आणि ती पोटाच्या लाजेपेक्षा बरीच मोठी होती.

चढावर गाडीचा आवाज आला. मेव्हणा उठला. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, मग पायऱ्या उतरून मुकादमासमोर उभा राहिला.  त्याने मुकादमाचा हात दोन्ही हातांत धरला.

"चुकलो."

"पारख्याला काय सांगायचं, मालक?"

"जे आहे ते. पान हातात देतो त्याच्या. पुढच्या वर्षी या म्हणेन. आला तर आला." तो वहिनींकडे वळला. "चल. दोघं जाऊ."

दोघं वाटेने फाटकाकडे निघाले, बोडक्या वेलींच्या मधून. तेवढ्यात चित्रकार घाईघाईने कागद घेऊन आला, कारण उन्हात उघडे पडलेले घड त्याला आता फार सुंदर दिसायला लागले होते. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

इन्स्पेक्टरसाहेब मुकादमाच्या खोलीकडे गेले. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेची एक कडी धरली. मुकादमाची बायको "अहो, राहू द्या साहेब" म्हणत राहिली, पण त्यांनी सोडली नाही. दुसरी कडी मुकादमाने धरली. ट्रंक आत, भिंतीशी, जिथे तिच्या बुडाचा चौकोन फरशीवर उमटलेला होता, तिथेच ठेवली. मग गाद्या आणल्या. मग भांडी. साहेबांना धाप लागली.

"आता पंप कुठे आहे?"

"साहेब, मी करतो. तुम्ही निवांत—"

"मुकादम, तो शब्द काढू नका."

पाठीवर बांधायचा पंप जड होता. पट्टा साहेबांच्या पोटावरून पुरेना. मुकादमाने सुतळीचा तुकडा जोडून तो कसाबसा बांधून दिला आणि हसू आवरायला तोंड फिरवलं. मागच्या ओळीपासून सुरुवात झाली. पंप भटभटायला लागला. औषधाचा तोच उग्र, घशात बसणारा वास बागभर पसरला आणि व्हरांड्यात ठेवलेल्या चहापर्यंत गेला.

"अहो," बायकोने तिथून हाक मारली, "वास येतोय का?"

"येतोय!" साहेब ओरडले आणि पुढच्या वेलीकडे वळले.